पिकले पान आणि कोवळी कळी

प्यूरिटन म्हटला की काळा झगा घातलेला आणि कपाळाला आठ्या घातलेला एक मनुष्य आपल्या डोळ्यांपुढे उभा राहतो. नाटक वर्ज्य, नाताळचा सणसुद्धा वर्ज्य! अशा माणसांच्या घरी कविता कशी नांदली असेल, असा प्रश्न कोणालाही पडावा. परंतु ती नांदली. आणि निसर्ग, मृत्यू व श्रद्धा यांचे नाते किती अवघड आहे, हे त्या कवितेने मोठ्या प्रामाणिकपणे सांगितले.

प्रथम या लोकांची भूमिका समजून घेऊ. इंग्लंडच्या चर्चची सुधारणा अपुरी राहिली, असे त्यांचे मत होते. त्यांच्यातील एक मोठा जथा १६३० साली अटलांटिक ओलांडून मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्याला लागला. कोणाचा उद्धार व्हायचा हे ईश्वराने आधीच ठरवले आहे, माणसाच्या पुण्याईने ते बदलत नाही, असा त्यांचा सिद्धांत. मग माणसाच्या हाती उरले काय? खुणा वाचणे. पीक आले, वीज पडली, मूल आजारी पडले, तरी त्यांत ईश्वराचा हेतू शोधायचा. बायबल हा पहिला ग्रंथ आणि सृष्टी हा त्याच्या खालोखालचा दुसरा.

१६३० च्या त्या ताफ्यातील ‘आर्बेला’ जहाजावर ॲन ब्रॅडस्ट्रीट होती. तिचा जन्म १६१२ चा. म्हणजे वय अठराच्या आसपास, आणि लग्न झालेले. तिचे वडील आणि पती हे दोघेही पुढे त्या वसाहतीचे गव्हर्नर झाले. आठ मुलांचा संसार सांभाळून ती लिहीत होती. तिच्या दिराच्या नात्यातल्या नव्हे, तर बहिणीच्या यजमानांनी हस्तलिखित परभारे लंडनला नेले आणि १६५० साली तिचा कवितासंग्रह तेथे प्रसिद्ध झाला. १६७२ साली ती अँडोव्हर येथे वारली. हे गावाचे नाव आपल्याला अगदीच परके नाही. १८१३ साली मुंबईत आलेल्या अमेरिकन मराठी मिशनचे गॉर्डन हॉल हे पुढे अँडोव्हरलाच निघालेल्या धर्मविद्यालयात शिकले होते.

ॲनने आपल्या मुलांसाठी एक पत्र लिहून ठेवले आहे. ईश्वर आहे कशावरून, अशी शंका आपल्याला अनेकदा आली, असे ती त्यात मोकळेपणी सांगते. चमत्कार तर तिने एकही पाहिला नव्हता. तिला आधार मिळाला तो ऋतुचक्राचा. रात्रीमागून दिवस येतो, हिवाळ्यामागून उन्हाळा येतो, या व्यवस्थेच्या मागे कोणीतरी असलेच पाहिजे. निसर्ग हा तिच्या श्रद्धेचा साक्षीदार होता.

पण हा साक्षीदार साधा नाही. ‘कंटेम्प्लेशन्स’ या तिच्या दीर्घ कवितेत शरद ऋतूतल्या संध्याकाळी ती झाडांचे रंग पाहते, जुनाट ओक पाहते, सूर्याकडे पाहते. लोक त्याला देव मानीत यात नवल काय, असेही तिला वाटते. मग एक काटा टोचतो. झाडे दर वसंतात पुन्हा तरुण होतात. माणूस मात्र एकदा म्हातारा होऊन पडला की पडलाच. मग आपल्यापेक्षा झाडे भाग्यवान म्हणायची काय? त्यावर तिचे उत्तर असे, की ही सारी सृष्टी एके दिवशी विझणार आहे, पण माणूस अमरत्वासाठी घडवलेला आहे. येथे युक्तिवाद जुळतो.

१६६५ साली तिची दीड वर्षाची नात एलिझाबेथ वारली, तेव्हा मात्र तो जुळेना. त्या विलापिकेत ती निसर्गाचाच नियम मांडते. पिकले पान गळायचे, हे आपणही म्हणतो. तीही म्हणते, झाड वाढून जुने झाले की कुजते, फळ पिकले की पडते. पण नुकते लावलेले रोप उपटले जाते, उमललेली कळी खुडली जाते, हे कोणत्या ऋतूत बसते? निसर्ग येथे गप्प होतो. हे केवळ त्याच्या हातचे काम, एवढेच ती म्हणते. १६६९ मध्ये आणखी दोन नातवंडे गेली. त्यांतल्या महिन्याभराच्या सायमनवरील कवितेत ईश्वरापुढे मुके होऊ या आणि तो दयाळू आहे असे म्हणू या, असा सूर आहे. ‘तो दयाळू आहे’ आणि ‘तसे म्हणू या’ यांतले अंतर वाचकाच्या लक्षात आल्यावाचून राहत नाही.

एडवर्ड टेलर या धर्मोपदेशकाचीही कथा अशीच. तो १७२९ साली वारला. त्याच्या कवितांचे हस्तलिखित येल विद्यापीठाच्या ग्रंथालयात पडून होते, ते १९३७ साली उजेडात आले. आपली मुले म्हणजे ईश्वराने मागितलेली फुले, असे तो म्हणतो. पण आजारी लेकीचा ताप आणि किंकाळ्या तो कवितेतून गाळत नाही. आधी ते सारे सांगतो, मग मान तुकवतो.

हा क्रम आम्हांला महत्त्वाचा वाटतो. १० जुलै १६६६ च्या रात्री ॲनचे घर जळाले. देणाऱ्यानेच नेले, असे ती त्या कवितेत म्हणते खरी. पण पुढे राखेजवळून जाताना पेटी कुठे होती, मेज कुठे होते, पाहुणे कुठे बसत, हे एकेक आठवते. त्यानंतरच ती स्वतःला दटावते आणि वरच्या घराकडे दृष्टी लावते. या कवींची श्रद्धा दुःखाला आडवाट दाखवत नाही. ती दुःखाला पुरते बोलू देते आणि मगच आपले म्हणणे मांडते. त्यांचा सिद्धांत आपल्याला पटो वा न पटो, तान्हे मूल मातीत ठेवून घरी परतलेल्या माणसाला ही भाषा परकी वाटणार नाही.