लंडीखान्याचं स्टेशन

बसवनगुडीच्या कृष्णराव पार्कात सकाळी फिरताना विमानांचा विषय निघतोच, बंगळूरच ते. लढाऊ वैमानिक म्हटलं की बाकीच्यांना कोलांट्या आठवतात, मला सीटच्या पिना. मी एअरमन, सुखोई-७ च्या ग्राउंड क्रूमधला. इजेक्शन सीटच्या सेफ्टी पिनांना लाल फिती असतात. उड्डाणाआधी त्या काढून साहेबांना दाखवायच्या. एखादी राहिली, तर ऐन वेळी सीट उडणार नाही.

१० डिसेंबर १९७१ रोजी फ्लाइट लेफ्टनंट दिलीप पारुळकरांचं सुखोई पाकिस्तानात पाडलं गेलं, आणि सीट उडाली. मी त्यांच्या स्क्वाड्रनचा नव्हे. पण त्या सकाळी कुणीतरी पिना चोख काढल्या होत्या, एवढं मी छातीठोक सांगतो.

माणूस मुळातच चिवट. १९६५ च्या युद्धात विमानाला मार बसला, उजव्या हाताला जखम झाली. 'उडी मार' असा सल्ला मिळूनही त्यांनी मोडकं विमान तळावर आणून उतरवलं. त्याबद्दल वायुसेना पदक मिळालं.

रावळपिंडीच्या युद्धकैदी छावणीत मात्र धाडसापेक्षा चिकाटी लागली. शाळकरी नकाशापुस्तक, छावणीतच जमवलेलं होकायंत्र, जी-सूटमधून केलेल्या पाण्याच्या पिशव्या. भारताच्या सीमेवर दोन्ही सैन्यं समोरासमोर उभी, म्हणून वाट धरायची खैबरखिंडीची, अफगाणिस्तानची. हळूहळू भिंत पोखरली आणि १२ ऑगस्ट १९७२ च्या वादळी रात्री पारुळकर, मलविंदरसिंग ग्रेवाल आणि हरीश सिंहजी बाहेर पडले. बसने पेशावर, तिथून जमरूद, मग लंडीकोतल. सीमा हाकेच्या अंतरावर.

तिथे घात केला नकाशाने. लंडीखान्याला कसं जायचं, असं त्यांनी विचारलं. नकाशावर ते स्टेशन होतं, पण तिथली गाडी १९३२ पासूनच बंद! स्थानिक माणूस असं विचारणार कशाला? संशय आला आणि तिघांना तहसीलदारापुढे उभं केलं.

त्या मुलखात हेर समजून गोळी घातली असती, तरी विचारणारं कोण होतं? आपण पाकिस्तानी हवाई दलाचेच, असं सांगत पारुळकरांनी तिथल्या हवाई दलप्रमुखांच्या एडीसींना फोन लावायला लावला. हे एडीसी म्हणजे स्क्वाड्रन लीडर उस्मान, छावणीचे आधीचे प्रमुख. त्यांना प्रकार उमगला आणि त्यांनी 'माणसं आपलीच आहेत, नीट सांभाळा' असं बजावलं. मला विचाराल तर सगळ्या सुटकेत भिंतीपेक्षा हा फोन मोठा. शत्रूच्या भलेपणावर भरवसा ठेवायलाही छाती लागते.

पुढे एकांतवास, मग लायलपूरची छावणी, आणि १ डिसेंबर १९७२ रोजी वाघ्यावरून सगळ्यांबरोबर घरी. नंतर त्यांनी एनडीएत कॅडेट घडवले, सिंगापूरलाही शिकवलं. १९८३ मध्ये विशिष्ट सेवा पदक मिळालं, आणि ग्रुप कॅप्टन म्हणून ते निवृत्त झाले. १० ऑगस्ट २०२५ रोजी पुण्यात गेले.

या पलायनावर २०१९ मध्ये हिंदी चित्रपट आला. त्याआधी फेथ जॉन्स्टन यांचं इंग्रजी पुस्तक आलेलं आहे. चित्रपट बघायचाच असेल तर बघा, पण पुस्तक आधी वाचा.