खाली मासे, वर पुदिना आणि सांभार

विदर्भात कोथिंबिरीला सांभार म्हणतात, आणि यवतमाळचा उन्हाळा हा सांभाराचा शत्रू आहे. पारा चढला की रोप उंच होते, फुलोरा धरते आणि पानांचा वास उतरतो. अशा जिल्ह्यात, जिथे २०१८ सालच्या उन्हाळ्यात निळोणा व चापडोह ही दोन्ही धरणे आटून यवतमाळ शहरात नळाला अनेक दिवसांआड पाणी येत होते, तिथे घरी मासे पाळून त्यांच्या पाण्यावर मसाल्याच्या भाज्या वाढविण्याचा विचार काहींना विचित्र वाटेल. परंतु पाण्याची चणचण हेच या पद्धतीकडे वळण्याचे कारण आहे, असे आम्हांस वाटते. तिचे नाव ॲक्वापोनिक्स.

तत्त्व सोपे आहे. मासे आपल्या कल्ल्यांतून व विष्ठेतून अमोनिया पाण्यात सोडतात, आणि तो साचला तर त्यांनाच मारतो. पाणी खडीच्या वाफ्यातून फिरविले की खडीवर वसणारे जिवाणू अमोनियाचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. नायट्रेट हे रोपांचे अन्न. रोपांनी ते घेतले की पाणी बरेच निवळून टाकीत परत येते. पाणी फेकून द्यावे लागत नाही. रोपांनी प्यायलेले व उन्हाने उडालेले तेवढेच भरावे लागते.

इथे घाई करणाऱ्याचे मासे मरतात. जिवाणूंची वस्ती वाफ्यात स्थिर व्हायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात, आणि त्या काळात मासे फार थोडे व खाद्य चिमूटभर असावे. अमोनिया व नायट्राइट तपासण्याचे थेंबांचे संच माशांच्या दुकानात मिळतात. दोन्ही शून्याला येईपर्यंत थांबणे हाच खरा खर्च आहे. नळाच्या पाण्यातील क्लोरीन जिवाणूंनाही मारते, म्हणून पाणी भरण्यापूर्वी एक दिवस उघडे ठेवावे.

आरंभाला २०० लिटरचा प्लास्टिकचा पिंप पुरे. तो पूर्वी रसायनांचा असता कामा नये. वाफा अर्ध्या चौरस मीटरचा आणि ३० सेंटिमीटर खोल घ्यावा. ओल्या खडीसह त्याचे वजन अडीचशे ते तीनशे किलो भरते, तेव्हा गच्चीवर ठेवण्याआधी स्लॅबचा विचार करावा. आपली काळी बेसाल्टची खडी उत्तम. चुनखडीचा तुकडा व्हिनेगरमध्ये फसफसतो, तो टाळावा. पंप मात्र आपल्याकडे घरोघरी ओळखीचा आहे: कूलरमध्ये बसवितो तोच. तो तासातून पंधरा मिनिटे चालवावा. मासे कोणते? सायप्रिनसची किंवा शोभेच्या कोई माशांची दहा-पंधरा बोटुकली. आफ्रिकन मांगूर कोणी स्वस्तात देऊ केला तरी घेऊ नये. त्याच्या पालनावर देशात बंदी आहे.

आता आपल्या उन्हाची गोष्ट. २५ अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ८ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो, ३५ अंशांना ७ च्या आत. म्हणजे मे महिन्यात मासे आधीच धापा टाकत असतात, आणि त्यात दुपारी वीज गेली तर पंप बंद, हवा बंद. बॅटरीवर चालणारा हवेचा छोटा पंप जवळ नसेल तर हा उद्योग आरंभू नये. टाकीवर झाकण आणि वर हिरवी जाळी लागतेच. त्याने बाष्पीभवनही कमी होते. सांभार ऑक्टोबर ते फेब्रुवारीत पेरावा. उन्हाळ्यासाठी पुदिना, तुळस आणि पानओवा. बोअरचे पाणी जड असले तर कोवळी पाने पिवळी पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. ती लोहाची उणीव. चिलेटेड लोह थोडे द्यावे आणि पावसाचे पाणी साठवून मिसळावे.

एक गोष्ट मात्र मुळीच चालत नाही, ती म्हणजे फवारणी. २०१७ सालच्या पावसाळ्यात याच जिल्ह्यात कपाशीवर कीटकनाशक फवारताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी व शेतमजूर दगावले आणि शेकडो जण रुग्णालयात गेले, हे वाचक विसरलेले नसतील. या टाकीपाशी तशी बाटली उघडताच येत नाही, कारण पानांवरचा थेंब खाली माशांपर्यंत पोहोचतो. बोर्डो मिश्रणातील तांबे त्यांना मारते, आणि ज्याला आपण निरुपद्रवी समजतो तो निंबोळी अर्कही त्यांना अपायकारक ठरतो. मावा दिसला तर पाण्याच्या जोरदार धारेने धुवावा, अळ्या हाताने वेचाव्यात, बारीक जाळी लावावी. पाने कच्ची खायची असतील तर स्वच्छ पाण्याने धुऊनच घ्यावीत.

यातून उत्पन्न मिळेल असे सांगून महागडे संच विकणारेही आहेत. २०० लिटरच्या टाकीतून चटणीपुरता पुदिना आणि भाजीवर भुरभुरण्याइतका सांभार मिळतो. वर्षभर एवढे जमले, तर दुसरा पिंप आणावा.