डागाचा पत्ता कोण ठरवतं?

त्वचाविकारांचं संशोधन कितीतरी वर्षं वरच्या थरात आणि रक्तातून येणाऱ्या पेशींतच गुंतून राहिलं. खालचा थर, म्हणजे डर्मिस, हा नुसता आधार, आणि त्यातल्या फायब्रोब्लास्ट या संयोजी ऊतीच्या पेशींचं काम काय, तर कोलॅजेन तयार करायचं, अशी समजूत होती.

तिला धक्का देणारा प्रयोग १९८५ मध्ये 'सायन्स'मध्ये छापून आला. फिलिप सायाग आणि सहकाऱ्यांनी कोलॅजेनच्या जेलमध्ये फायब्रोब्लास्ट मिसळून कृत्रिम डर्मिस तयार केली आणि तिच्यावर वरच्या थराच्या पेशी वाढवल्या. खालचे फायब्रोब्लास्ट सोरायसिसच्या रुग्णाचे असले, की वरच्या निरोगी पेशीही भराभर वाढू लागत. खवले दिसतात वर, पण चिथावणी खालून मिळत असावी! इतका मोलाचा धागा मागे पडला याची मला आजही हळहळ वाटते. अर्थात कारण तसंच होतं. सायक्लोस्पोरिन घेतल्यावर सोरायसिस ओसरतो, हे १९७९ मध्येच दिसलं होतं. हे औषध टी पेशींना, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पेशींना, आवरतं, त्यामुळे सगळ्यांचं लक्ष तिकडे गेलं. त्याच वाटेने पुढे इंटरल्युकिन-१७ हा दाह वाढवणारा रेणू अडवणारी इंजेक्शनं आली आणि अनेकांची त्वचा जवळपास स्वच्छ झाली. हे यश थोडंथोडकं नव्हे.

सगळे फायब्रोब्लास्ट एकसारखे नसतात, हे २०१३ मध्ये फिओना वॉट यांच्या गटाने उंदरांत दाखवलं. डर्मिसचा वरचा आणि खालचा भाग वेगवेगळ्या वंशाच्या फायब्रोब्लास्टपासून घडतो. मग एकेका पेशीतली जनुकं वाचण्याचं तंत्र हाती आलं आणि चित्र पालटलं.

या तंत्रातून निघालेल्या शोधांत मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो कोडावरचा. आपल्याकडे कोडाच्या डागापेक्षा लोकांच्या नजराच जास्त छळतात, लग्नं मोडतात. हे डाग दोन्ही हातांवर, डोळ्यांभोवती असे जोडीजोडीने का उठतात, याचं उत्तर बीजिंगच्या तिंग चेन यांच्या गटाने 'नेचर'मध्ये दिलं (२०२२). टी पेशी इंटरफेरॉन-गॅमा हा संदेश देणारा रेणू सोडतात. तो मिळताच फायब्रोब्लास्ट असे रेणू सोडतात, की आणखी टी पेशी तिथे धावून येतात आणि रंगपेशी मारतात. उंदरांच्या फायब्रोब्लास्टमधून या संदेशाचा ग्राहक काढून टाकला, तेव्हा डाग पडलेच नाहीत. शरीराच्या वेगवेगळ्या भागांतले फायब्रोब्लास्ट या संदेशाला कमीजास्त प्रतिसाद देतात. डाग कुठे पडणार, ते त्यावर ठरतं.

त्याच वर्षी जुलैत अमेरिकेत कोडासाठी रुक्सोलिटिनिब मलमाला मंजुरी मिळाली. इंटरफेरॉनचा निरोप पेशीच्या आत पोचवणारी जेएके विकरं ते रोखतं, आणि ही विकरं फायब्रोब्लास्टमध्येही असतात. चेहऱ्यावरचा रंग त्याने बऱ्यापैकी परततो. बोटांच्या टोकांवर मात्र फार चिकाटी लागते, कारण नव्या रंगपेशी येतात त्या केसांच्या मुळांतून, आणि तिथे केसच नसतात.