साधन कुणाच्या हातात?

सॉफ्टवेअर बनवण्याचं साधन निवडताना आपण आधी किंमत बघतो. ते बरोबरच आहे. पण तेवढ्यावर थांबू नये. पाहा, बोरलँड कंपनीचं डेल्फी १९९५ साली विंडोजसाठी आलं. लिनक्ससाठी तिनंच २००१ मध्ये कायलिक्स काढलं आणि तिसऱ्या आवृत्तीनंतर सोडून दिलं. ज्यांनी त्यावर प्रोग्रॅम उभे केले होते, त्यांनी काय करायचं?

लॅझरसचं तसं नाही. १९९९ पासून स्वयंसेवकांनी घडवलेलं हे साधन मोफत मिळतं. थोडेफार बदल करून एकच प्रोग्रॅम आपण विंडोज, लिनक्स, मॅक तिन्हींसाठी कंपाइल करू शकतो. शिवाय त्याचा सोर्स कोड खुला आहे. आजची मंडळी थांबली, तरी दुसऱ्यांना काम पुढे नेता येतं. तेव्हा ‘केवढ्याला?’ याबरोबरच ‘हे बंद करणं कुणाच्या हातात आहे?’ हेही आपण विचारायला हवं.