करंगळीच्या हाडाने दाखवलेला माणूस

सायबेरियातल्या अल्ताई पर्वतातली डेनिसोवा गुहा. तिथे २००८ साली एका मुलीच्या करंगळीच्या हाडाचा बारीकसा तुकडा सापडला. गुहेतल्या गारव्यामुळे त्यातला डीएनए टिकून होता. जर्मनीतल्या लायपझिगमध्ये जनुकशास्त्रज्ञ स्वांते पेबो यांच्या चमूने तो वाचला आणि २०१० मध्ये उलगडा झाला: ही मुलगी ना आपल्यातली, ना निअँडरथल. मानवाची वेगळीच शाखा, डेनिसोवन! नुसत्या जनुकांवरून ओळख पटलेला हा पहिलाच मानवगट.

मला त्याहून विलक्षण वाटतो तो याच गुहेतला दुसरा, जेमतेम अडीच सेंटिमीटरचा तुकडा. तो सुमारे ९०,००० वर्षांपूर्वीच्या दुसऱ्या एका मुलीचा; तिची आई निअँडरथल होती, वडील डेनिसोवन. अशी सरमिसळ आपल्या पूर्वजांशीही झाली: पापुआ न्यू गिनीतल्या लोकांच्या जनुकांत डेनिसोवनांचा काही टक्के वाटा आजही आहे.