स्वतःची पेढी घरींच मांडावी काय ?

गेल्या कांहीं वर्षांत सुशिक्षित कुटुंबांतून एक नवाच प्रश्न ऐकूं येऊं लागला आहे. घरांतील एखादा इंजिनियर मुलगा किंवा पुतण्या पुस्तकांच्या फडताळावर मुठीएवढें यंत्र मांडून ठेवितो; तें रात्रंदिवस चालू असतें; आणि 'हें काय रे?' असें आजीनें विचारिलें, तर 'ही माझी स्वतःची पेढी आहे' असें तो ऐटींत सांगतो. हें यंत्र म्हणजे बिटकॉइनच्या लाइटनिंग जाळ्यांतील एक गांठ, म्हणजे त्या मंडळींच्या भाषेंत 'नोड' होय. बिटकॉइन बाळगावें कीं न बाळगावें, हा वाद आज आम्ही काढीत नाहीं. ज्यांनीं तें थोडेंबहुत बाळगिलें आहे अशा सामान्य माणसांनीं हा नोड स्वतः चालवावा काय, एवढाच प्रश्न आम्ही येथें विचारास घेत आहों. कारण त्यांत घरच्या पैशाचा आणि घरच्या माणसांच्या वेळेचा संबंध आहे.

प्रथम ही व्यवस्था कां निघाली तें पाहूं. सातोशी नाकामोतो या टोपणनांवानें लिहिणाऱ्या अज्ञात व्यक्तीनें २००८ सालीं बिटकॉइनची कल्पना मांडली व जानेवारी २००९ मध्यें तिची वही उघडली. ही वही सार्वजनिक आहे. तींत सुमारें दर दहा मिनिटांनीं एक पान भरतें, आणि सेकंदास सुमारें सात व्यवहारांपलीकडे तींत जागा नसते. गर्दी झाली कीं नोंदीचें शुल्क चढतें. २० एप्रिल २०२४ रोजीं तर तें एका व्यवहारास सरासरीनें शंभर डॉलरांच्याही वर गेलें होतें. चहाचे पैसे देण्यास अशी वही काय कामाची? यावर जोसेफ पून व थॅडियस ड्रायजा या दोघांनीं २०१५ सालीं जो उपाय सुचविला तोच लाइटनिंग. २०१८ पासून तो प्रत्यक्ष वापरांत आहे.

त्याचें मर्म आमच्या वाचकभगिनींच्या चटकन् ध्यानांत येईल. वाण्याकडील सामानाचे पैसे आपण रोज देत नाहीं. महिनाभर वहींत मांडून ठेवितों व अखेरीस एकदांच हिशेब चुकता करितों. लाइटनिंगमध्यें दोन पक्षांमध्यें दोन कुलपांची एक पेटी असते व तींत रक्कम ठेविलेली असते. मग प्रत्येक देण्याघेण्याबरोबर 'यांत माझें इतकें, तुझें इतकें' अशी नवी चिठ्ठी दोघे सह्या करून ठेवितात. सार्वजनिक वहींत नोंद व्हावयाची ती पेटी भरतांना व मोडतांना, एवढीच. या पेटीस 'चॅनेल' म्हणतात. ज्याच्याशीं आपली पेटी नाहीं त्यालाही, हुंडी एका पेढीवरून दुसऱ्या पेढीवर जावी त्याप्रमाणें, मधल्या नोडांमार्फत पैसे पोंचवितां येतात. वाण्यावर विश्वास ठेवावा लागतो. येथें सही पुरते.

सही पुरते खरी, पण मालक जागा असेल तर! समोरच्यानें आपल्या फायद्याची जुनी चिठ्ठी सार्वजनिक वहींत दाखल केली, तर ठराविक मुदतींत हरकत घ्यावी लागते. हरकत घेतली, तर पेटींतील सर्व रक्कम दंडादाखल आपल्या पदरीं पडते. मुदत टळली, तर चोरी पचते. म्हणून नोड सदैव जागा हवा, किंवा त्याच्या वतीनें पहारा करणारा दुसरा जागल्या तरी नेमावयास हवा.

याहून मोठें संकट प्रामाणिक मालकावरच येतें. यंत्रांतील तबकडी बिघडली, आणि त्यानें भाबडेपणानें मागच्या आठवड्याची प्रत काढून यंत्र पुन्हां चालू केलें, तर त्याच्या हातून नकळत जुनी चिठ्ठी दाखल होऊन दंड त्यालाच बसण्याचा संभव असतो. साध्या बिटकॉइनसाठीं बारा किंवा चोवीस शब्द कागदावर लिहून तिजोरींत ठेविले म्हणजे भागतें. चॅनेलांतील रकमेस तेवढें पुरत नाहीं, तिच्यासाठीं निराळी व योग्य रीतीची प्रत राखावी लागते.

शिवाय चॅनेल हें मुलांच्या मणिपाटीवरील तारेसारखें असतें. सगळे मणी आपल्याकडे असतील तर देतां येतें, घेतां येत नाहीं. सगळे पलीकडे गेले म्हणजे घेतां येतें, देतां येत नाहीं. मणी दोहोंकडे राखीत बसणें हें नोड चालविणाराच्या नित्याच्या कामांपैकीं एक होय. दुसऱ्यांचे पैसे पुढें पोंचविल्याबद्दल दलाली मिळते; परंतु लहान नोडास ती बहुधा चॅनेलें उघडण्यामिटण्याच्या खर्चासही पुरत नाहीं. पूर्ण वहीची प्रत घरीं ठेवावयाची तर सहाशें गीगाबाइटांहून अधिक जागा लागते, ती वेगळीच.

मग हा उपद्व्याप लोक कां करितात? कारण दुसऱ्याच्या हातीं किल्ली देण्याचे परिणाम त्यांनीं पाहिले आहेत. टोकियो येथील माउंट गॉक्स ही पेढी फेब्रुवारी २०१४ मध्यें बसली, तेव्हां सुमारें साडेआठ लाख बिटकॉइन नाहींशीं झाल्याचें तिनें जाहीर केलें. त्यांपैकीं सुमारें दोन लाख पुढें सांपडलीं. मध्य अमेरिकेंतील एल साल्वादोर देशानें ७ सप्टेंबर २०२१ पासून बिटकॉइनला कायदेशीर चलनाचा दर्जा दिला आणि सरकारी 'चिवो' पाकीट घेणाऱ्यास तीस डॉलरांचें बिटकॉइन देऊं केलें. त्या पाकिटाची किल्ली नागरिकाच्या हातीं नव्हती. त्याच्या पदरीं आला तो चालकाच्या वहींतील एक आंकडा. पुढें जानेवारी २०२५ मध्यें कायदा बदलून बिटकॉइन स्वीकारणें ऐच्छिक झालें. चालकाची वा सरकारची मर्जी फिरली म्हणजे सामान्य माणसानें कोणाकडे पाहावें, हा नोडवाल्यांचा प्रश्न आम्हांस रास्त वाटतो.

परंतु या दोन टोकांमध्यें एक वाट आहे. फ्रान्समधील एका कंपनीच्या 'फीनिक्स'सारखीं पाकिटें फोनवरच लहानसा नोड चालवितात. किल्ली मालकापाशीं राहते, चॅनेलांची उस्तवार कंपनी पाहते व त्याचें शुल्क घेते. एकाच कंपनीवर वाट अवलंबून राहते हें त्यांतील उणें. पण ती उद्यां बंद पडली, तरी चॅनेल मोडून आपला पैसा सार्वजनिक वहीवर परत आणण्याचा मार्ग मालकाच्या हातीं असतो.

तेव्हां आमचें मत स्पष्टच सांगतों. सामान्य माणसानें फडताळावरील नोडाच्या भरीस पडूं नये. शिलकीची रक्कम लाइटनिंगवर ठेवूंच नये. ती साध्या बिटकॉइनच्या रूपानें, किल्ली स्वतःपाशीं ठेवून राखावी. खर्चापुरती रक्कम फोनवरील पाकिटांत असावी, खिशांत असते तेवढीच. आपल्या देशांत बिटकॉइन हें कायदेशीर चलन नाहीं; २०२२ पासून त्याच्या नफ्यावर ३० टक्के कर आहे व तोट्याची वजावट मिळत नाहीं. शिवाय चहाच्या पैशांसाठीं यूपीआय हाताशीं असतांना येथें त्याची निकड फारशी उरत नाहीं.

तथापि ज्याला या विद्येची खरी गोडी आहे त्याला घरच्यांनीं अडवूं नये. सर्वांनींच हात काढून घेतला तर हें जाळें चारदोन बड्या पेढ्यांचें होईल, आणि ज्या सावकारीतून सुटावयाचें होतें तीच पुन्हां येईल. अशानें पेठेंतील वाचनालय चालवावें तशा भावनेनें, बुडाल्यास घर हलणार नाहीं एवढ्याच रकमेवर, हें काम करावें. मात्र एकत्र कुटुंबाचा पैसा त्यांत घालण्यापूर्वीं त्यानें आजीच्या दुसऱ्या प्रश्नाचेंही उत्तर द्यावें : 'तूं महिनाभर परगांवीं गेलास, किंवा अंथरुणास खिळलास, तर या पेढीकडे पाहावयाचें कोणी?' घरांतील आणखी एका माणसाला तें काम शिकवून, त्याच्या हातून एकदां करवून घेतल्याखेरीज या प्रश्नाचें उत्तर दिलें, असें आम्ही समजणार नाहीं.