सफरमैना पलटणींतून सेनापतिपदावर

मुरुडच्या विद्यार्थ्यांस ‘कॅम्प दापोली’ हें नांव अपरिचित नाहीं. इंग्रजी अमदानींत दापोलीस लष्करी छावणी होती, तिचीच ती आठवण. छावणी म्हटली कीं बंदूकधारी शिपाई डोळ्यांपुढें उभा राहतो; परंतु सैन्यांत एक शाखा अशीहि आहे कीं जिला बंदुकीइतकीच कुदळ-पहारीची व गणिताची गरज लागते. पूर्वीं लोक तिला ‘सफरमैना’ म्हणत. पुढें जाणाऱ्या फौजेसाठीं नदीवर पूल घालणें, डोंगरांतून वाट काढणें, शत्रूनें पेरलेले सुरुंग शोधून काढणें, आणि माघार घ्यावी लागल्यास आपणच बांधलेला पूल आपल्याच हातानें उडवून देणें, हें तिचें काम. मुंबई इलाख्याच्या नांवानें चालत आलेल्या या दळाचें मुख्य ठाणें पुण्याजवळ खडकीस आहे, व लष्करी स्थापत्याचें महाविद्यालय तेथून जवळच दापोडीस आहे. (दापोडी, आपली दापोली नव्हे!)

हें काम सुखासीन आहे असें कोणी समजूं नये. कारवारजवळील चेंडिया गांवचे रामा राघोबा राणे यांनीं एप्रिल १९४८ मध्यें नौशेरा-राजौरी मार्गावर, स्वतः जखमी झाले असतांहि, भर गोळीबारांत सुरुंग व अडथळे दूर करून रणगाड्यांस वाट करून दिली. त्यांस परमवीरचक्र मिळालें. त्याच दळाचे प्रेमींद्रसिंह भगत यांनीं १९४१ सालीं अबिसीनियांत सुरुंग काढतांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळविला. पुढें ते लेफ्टनंट जनरल होऊन उत्तर विभागाचे अधिपति झाले. सर्वोच्च पद मात्र त्यांसहि लाभलें नाहीं.

त्या पदाकरितां पायदळ, रणगाडे व तोफा यांना एकत्र लढविण्याचा दांडगा अनुभव लागतो, आणि इंजिनियराचीं उमेदीचीं वर्षें तर रस्ते व पूल यांतच जाण्याचा संभव फार. ही अडचण नागपूरच्या मनोज पांडे यांनीं कशी ओलांडली, तें पाहण्याजोगें आहे. खडकवासल्याच्या प्रबोधिनींत शिकून डिसेंबर १९८२ मध्यें ते खडकीच्या दळांत अधिकारी झाले. २००१-०२ सालीं सरहद्दीवर सैन्य उभें होतें, तेव्हां पल्लनवाला भागांत ते इंजिनियर पलटणीचे नायक होते. इथिओपिया व इरिट्रिया यांच्यामधील राष्ट्रसंघाच्या शांतिकार्यांतहि ते मुख्य इंजिनियर होते. एथपर्यंतचा मार्ग ठराविकच म्हणावा. पण नंतर त्यांजकडे नियंत्रणरेषेवरील पायदळाची ब्रिगेड आली, मग पश्चिम लडाखमधील पहाडी डिव्हिजन, मग ईशान्येकडील कोअर. आणि २०२० सालीं अंदमान-निकोबारचें आधिपत्य आलें, जेथें भूदल, नौदल व वायुदल तिन्ही एकाच हुकुमाखालीं असतात. पूल बांधणाऱ्यास सैन्य लढवितां येईल काय, या शंकेचें उत्तर अशा रीतीनें एकेका नेमणुकीनें मिळत गेलें. परीक्षा देऊन तें मिळालें नसतें, असें आम्हांस वाटतें.

१९२१ नव्हे, तर २०२१ सालीं, म्हणजे भगतांच्या त्या पराक्रमानंतर तब्बल ऐशीं वर्षांनीं, पांडे पूर्व विभागाचे अधिपति झाले; फेब्रुवारी २०२२ मध्यें उपप्रमुख, आणि ३० एप्रिल २०२२ रोजीं पुण्याच्या जनरल मनोज नरवणे यांजकडून सूत्रें घेऊन ते २९ वे सेनाप्रमुख झाले. इंजिनियर शाखेंतून त्या आसनावर बसणारे ते पहिलेच. ३० जून २०२४ रोजीं ते निवृत्त झाले. त्यांच्यामागून आलेले जनरल उपेंद्र द्विवेदी पुन्हां पायदळाचे आहेत.